बाहुलीचा पृष्ठभाग आणि त्यावरील ओरखडे : तेरच्या मृण्मय बाहुल्यांपासून व्हायनिल बाहुल्यांपर्यंत दुरुस्तीच्या परंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात राजवंश, लेणी, शिलालेख, संतपरंपरा आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम या विषयांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले आहे. घरातील लहान वस्तूंचा, त्यातही मुलांच्या हातातील वस्तूंचा इतिहास मात्र बहुधा तळटिपेपुरताच उरतो. बाहुली ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. वास्तविक या प्रदेशाला बाहुलीचा दोन हजार वर्षांचा वारसा आहे. तेर, पैठण व भोकरदन येथील उत्खननांतून मिळालेल्या मृण्मय व हस्तिदंती मूर्तिका जगभरातील अभ्यासकांना परिचित आहेत. दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नांदेड-लातूरसारख्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांच्या शोकेसमध्ये व्हायनिलची बाहुली येऊन बसली. आज तिला तीस-चाळीस वर्षे झाली आहेत आणि ती खेळण्याच्या कक्षेतून बाहेर पडून संग्राह्य वस्तू होऊ लागली आहे.

वस्तू संग्राह्य झाली की तिच्या दुरुस्तीचा प्रश्न उभा राहतो. गालावरचा ओरखडा, नाकावरची घासलेली जागा, फिका पडलेला ओठ हे पूर्ववत करावे अशी इच्छा संग्राहकाच्या मनात निर्माण होते. ही इच्छा निर्दोष आहे. परंतु ती पूर्ण करण्याच्या पद्धती निर्दोष असतातच असे नाही. ओरखड्याची दुरुस्ती ही केवळ सौंदर्यवर्धनाची क्रिया नसून वस्तूवरील पुराव्याविषयी घेतलेला निर्णय असतो, आणि आपल्याकडे हा निर्णय ज्या परंपरागत सवयीने घेतला जातो ती सवय व्हायनिलला लागू पडत नाही, हे प्रस्तुत निबंधातील मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. मराठवाड्यातील प्राचीन बाहुल्यांच्या घडणीचा व पृष्ठभागाचा परिचय करून घेणे.
२. पृष्ठभाग-दुरुस्तीच्या देशी परंपरेचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. व्हायनिलच्या बाहुलीवरील ओरखड्यांचे प्रकार व त्यांवरील उपायांची मर्यादा तपासणे.
४. अशा वस्तूंच्या जतनाबाबत महाविद्यालयांची संभाव्य भूमिका मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून प्रकाशित उत्खनन-साहित्य, संवर्धनशास्त्रातील संशोधन आणि प्रचलित कारागिरीची सर्वज्ञात माहिती यांचा आधार घेतला आहे. 'बाहुली' हा शब्द येथे व्यापक अर्थाने योजला आहे. तेरच्या मूर्तिकांपैकी काही पूजेच्या, काही शोभेच्या तर काही खेळण्याच्या असू शकतात. त्यांतील सीमारेषा आखणे हा या निबंधाचा विषय नाही.

तेरच्या बाहुल्या : साच्याची खूण आणि वापराची खूण

तेरणा नदीच्या काठावरील तेर हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा स्वतंत्र होण्यापूर्वी लातूर व तेर हे एकाच जिल्ह्याचे भाग होते. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात उल्लेखिलेले 'तगर' म्हणजेच तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये सिद्ध केली. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्या ग्रंथातील वर्णन आहे. पुढे हेन्री कझिन्स यांनी येथील वास्तूंची नोंद घेतली. १९६० मध्ये डग्लस बॅरेट यांचे तेरवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बा. ना. चापेकर यांनी १९५८ मध्ये केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९६९ मध्ये प्रकाशित झाला. तथापि तेरच्या वस्तूंना घर मिळवून देण्याचे श्रेय गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांना जाते. पांढरीच्या टेकाडांवरून पावसाळ्यात उघड्या पडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यांचा संग्रह आज तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयात त्यांच्याच नावाने जतन करण्यात आला आहे.

या संग्रहातील सातवाहनकालीन केओलिन मातीच्या स्त्री-पुरुष मूर्तिका विशेष लक्षणीय आहेत. केओलिन ही पांढरी, बारीक पोताची माती. तिच्यावर साच्यातील सूक्ष्म तपशील स्पष्ट उमटतात. केशरचना, कर्णभूषणे, कंबरपट्टा हे सर्व साच्यातूनच येते. या मूर्तिका पुढचा व मागचा असे दोन साचे वापरून घडविल्या जात. दोन्ही अर्ध्या भागांत मातीचा पातळ थर दाबून भरावयाचा, दोन्ही भाग जुळवावयाचे आणि नंतर भाजावयाचे. त्यामुळे मूर्तिका आतून पोकळ राहते व तिच्या दोन्ही कडांवर सांध्याची रेषा उमटते. ही रेषा ओली असतानाच कोरून व घासून काढली जाई.

येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. तेरच्या मूर्तिकेवर दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे हानी नव्हे. सांधा कोरताना कारागिराच्या हत्याराने उमटलेली रेघ ही घडणीची खूण आहे. दीर्घकाळ हाताळल्याने आलेली झीज ही वापराची खूण आहे. मातीत गाडले जाताना अथवा बाहेर काढले जाताना पडलेला ओरखडा ही तिसऱ्याच घटनेची नोंद आहे. या तिन्ही रेघा डोळ्यांना सारख्या दिसू शकतात. इतिहासाच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या दस्तऐवजांसारख्या आहेत. सरसकट 'गुळगुळीत' केलेली मूर्तिका तिन्ही दस्तऐवज एकदमच गमावते.

तेर व भोकरदन येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तींचे उदाहरणही बोलके आहे. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इसवी सन ७९ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकात ती गाडली गेली होती. तेर व भोकरदनच्या मूर्तींशी तिचे साम्य दिसून आल्याने ती दख्खनमधून गेली असावी काय, ही चर्चा सुरू झाली. पॉम्पेईच्या मूर्तीवर कोरलेले खरोष्ठी अक्षरचिन्ह मात्र तिचा वायव्येशी संबंध सुचविते. हे अक्षरचिन्ह म्हणजे पृष्ठभागावरील एक बारीक कोरीव रेघच आहे. ती पूर्वीच्या एखाद्या उत्साही दुरुस्तीत घासली गेली असती, तर या चर्चेचा एक महत्त्वाचा आधारच नाहीसा झाला असता.

लेप देण्याची परंपरा

भारतीय परंपरेत जीर्ण वा क्षत मूर्तीविषयी दोन मार्ग सांगितले गेले. एक विसर्जनाचा आणि दुसरा जीर्णोद्धाराचा. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, ती जलाशयात सोडावी, हा संकेत आजही घरोघरी पाळला जातो. पोळ्याचे मातीचे बैल दरवर्षी नवे येतात. चिंध्यांची बाहुली फाटली तर जुन्या लुगड्याच्या तुकड्याची दुसरी होते. जेथे वस्तू सहज नवी करता येते तेथे दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही.

जेथे वस्तू टिकवावयाची असते तेथे मात्र लेप येतो. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, म्हणजे सहाव्या शतकात, 'वज्रलेप' या विषयाला स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले इत्यादी द्रव्ये पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावयाची व त्यात गुग्गुळ, राळ यांसारखे चिकट पदार्थ मिसळून तो लेप तापलेला असतानाच मूर्ती व वास्तूला लावावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. वज्रलेप हा शब्द आजच्या मराठीतही जिवंत आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर १९५५ मध्ये वज्रलेप करण्यात आला होता आणि २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिचे रासायनिक संवर्धन केले. त्यानंतर मूर्तीच्या मस्तकावरील नागप्रतिमेविषयी झालेला वाद सर्वपरिचित आहे. लेप जेथे थांबावयास हवा तेथे थांबला की नाही, हा प्रश्न श्रद्धेच्या क्षेत्रातही किती तीव्र असू शकतो हे त्यावरून दिसते.

घरगुती पातळीवर हीच परंपरा महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांत पाहावयास मिळते. मराठवाड्यात भाद्रपदातील ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. पितळी मुखवट्यांना झळाळी देणे आणि शाडूच्या अथवा प्लास्टरच्या मुखवट्यांना सणापूर्वी पुन्हा रंग देऊन घेणे ही रीत नांदेड व लातूर परिसरातील अनेक कुटुंबांना परिचित आहे. रंगारी उडालेल्या टवक्याच्या जागी लांबी भरतो, ती वाळल्यावर पॉलिशपेपरने घासतो आणि वरून नवा रंग देतो. डोळे व भुवया शेवटी काढल्या जातात. मुखवटा पुन्हा तेजस्वी होतो आणि घरच्या माणसांच्या दृष्टीने तो तोच राहतो.

निर्मळच्या लाकडी बाहुल्यांची पद्धतही याच जातीची आहे. निर्मळ आज तेलंगणात असले तरी १९५६ पर्यंत नांदेड व निर्मळ ही दोन्ही गावे हैदराबाद संस्थानाच्या, व त्यानंतर हैदराबाद राज्याच्या, एकाच प्रशासनाखाली होती. पोणकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाचे सुटे भाग कोरून ते चिंचोक्याच्या खळीने जोडतात. चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांचा लगदा फटींत भरला जातो व त्यातूनच बारीक आकार उठवले जातात. त्यावर पांढरा थर आणि मग रंग येतो. म्हणजे येथे दुरुस्तीचे तंत्र व घडणीचे तंत्र एकच आहे. ज्या लगद्याने बाहुली घडली त्याच लगद्याने तिचा तडा बुजतो.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. वस्तूचा गाभा वेगळा आणि तिचा लेप वेगळा. ओरखडा बहुधा लेपावर पडतो. लेप पुन्हा दिला की गाभ्याला धक्का न लागता वस्तू नवी होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली ही सवय थरांनी बनलेल्या वस्तूंच्या बाबतीत पूर्णतः तर्कशुद्ध आहे.

व्हायनिलची बाहुली : लेप नसलेली वस्तू

पॉलिव्हिनिल क्लोराइड हे बहुवारिक एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेत आढळले होते. परंतु ते कडक व ठिसूळ असल्याने उपयोगाचे नव्हते. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन यांनी त्यात प्लास्टिसायझर, म्हणजेच मृदुकारक द्रव्य मिसळून ते लवचीक केले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा मऊ व्हायनिल बाहुल्यांसाठी सर्वत्र वापरला जाऊ लागला. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात बार्बी सादर झाली. आरंभीच्या बार्बी जपानमध्ये तयार होत. भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिओ या नाममुद्रेशी मॅटेलचे सहकार्य झाले आणि देशी बनावटीची बार्बी बाजारात आली. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अथवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मिळणाऱ्या हलक्या, फुगीर प्लास्टिकच्या बाहुल्यांहून ही वस्तू किमतीने व घडणीने वेगळी होती. म्हणूनच ती पुष्कळदा मुलीच्या हातात कमी आणि काचेच्या कपाटात अधिक राहिली.

घडणीच्या दृष्टीने व्हायनिलच्या बाहुलीचे डोके तेरच्या मूर्तिकेचे दूरचे नातलग म्हणावे लागेल. तेही साच्यातून येते, तेही आतून पोकळ असते. साच्यात द्रवरूप व्हायनिल घालून साचा तापवत फिरविला जातो. आतल्या भिंतीवर थर धरला की मऊ असतानाच डोके बाहेर ओढून काढतात. परंतु साम्य येथेच संपते. व्हायनिलच्या त्वचेचा रंग वरून दिलेला नसतो, तो पदार्थातच मिसळलेला असतो. डोळे, भुवया व ओठ एवढेच वरून रंगविलेले असतात. गालावर ओरखडा पडला तर तो लेपावर पडत नाही, थेट गाभ्यावर पडतो. पुन्हा द्यावयास तेथे लेपच नसतो.

शिवाय हा गाभा स्थिर नाही. मृदुकारक द्रव्य बहुवारिकाशी रासायनिक बंधाने जोडलेले नसून केवळ त्यात सामावलेले असते. कालांतराने ते पृष्ठभागाकडे सरकते. बाहुली चिकट लागते, तिच्यावर धूळ बसते, पुढे ती आक्रसते व कडक होते. उष्णतेने ही क्रिया वेगवान होते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते हे लक्षात घेता, पत्र्याच्या छपराखालील माळा किंवा उन्हाच्या भिंतीला लागलेले कपाट ही अशा बाहुलीसाठी सर्वांत वाईट जागा ठरते. युरोपीय संघाने २००५ मध्ये व अमेरिकेने २००८ मध्ये खेळण्यांतील काही थॅलेट मृदुकारकांवर निर्बंध आणले. त्यामुळे त्यापूर्वीच्या व नंतरच्या बाहुल्यांची घटकद्रव्ये एकसारखी असतीलच असे नाही आणि एका बाहुलीला मानवलेला उपाय दुसरीला मानवेल असेही नाही.

ओरखड्यांचे प्रकार आणि उपायांची मर्यादा

व्हायनिलच्या पृष्ठभागावरील ज्या खुणांना आपण सरसकट ओरखडा म्हणतो त्या प्रत्यक्षात पाच प्रकारच्या असतात. त्या ओळखण्यासाठी अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, तिरका टाकून पाहणे ही साधी व बिनखर्चाची पद्धत आहे. उंचवटे व खोलगटपणा सावलीमुळे लगेच कळतो.

पहिला प्रकार बाह्य द्रव्याच्या मागाचा. कपाटाच्या रंगाला अथवा दुसऱ्या वस्तूला घासून तिचा अंश बाहुलीवर बसतो. ही हानी नसून भर आहे. मऊ सुती कापड, साधे पाणी व सौम्य साबणाचे काही थेंब यांनी ती बहुधा निघते. नंतर साबण स्वच्छ पाण्याच्या बोळ्याने पुसून काढावा. बाहुली पाण्यात बुडवू नये. मानेच्या सांध्यातून पाणी आत जाते, आतील धातूचे भाग गंजतात व केसांच्या मुळांशी ओल राहते.

दुसरा प्रकार तकाकीतील बदलाचा. सततच्या स्पर्शाने नाक, गाल, हाताची बोटे चमकू लागतात किंवा मंद होतात. येथे पदार्थ गेलेला नसतो, केवळ पोत बदललेला असतो. यावर उपाय न करणे हाच उपाय होय. मेलामाइन फोमचा स्पंज अशा जागी सर्रास वापरला जातो. परंतु तो पुसत नाही, अतिशय बारीक घासतो. एक डाग जातो आणि त्याभोवती नवी निस्तेज जागा तयार होते.

तिसरा प्रकार खऱ्या चिरेचा. टोकदार वस्तूने व्हायनिल बाजूला ढकलले गेलेले किंवा कापले गेलेले असते. पॉलिशपेपरने घासून ती चीर नाहीशी करणे म्हणजे चिरेच्या तळापर्यंत आजूबाजूचा सर्व पृष्ठभाग खाली आणणे. साच्यातून आलेला त्वचेचा पोत त्यात कायमचा जातो. पुट्टी अथवा डिंक भरला तर तो कडक राहतो व भोवतालचे व्हायनिल लवचीक असते, त्यामुळे कडा सुटतात. केस वाळविण्याच्या यंत्राने ऊब दिल्यास उथळ दबलेली जागा काही अंशी वर येते असा संग्राहकांचा अनुभव आहे. मात्र हीच ऊब मृदुकारक द्रव्याच्या गळतीला चालना देते. ॲसिटोन, थिनर व नेलपॉलिश रिमूव्हर यांचा वापर तर पूर्णतः वर्ज्य मानला पाहिजे. ते व्हायनिल फुगवितात, मृदुकारक द्रव्य ओढून घेतात आणि रंगविलेले डोळे-ओठ क्षणात पुसून टाकतात.

चौथा प्रकार रंगलेपाच्या हानीचा. डोळे, भुवया व ओठ यांवरील रंग हा खरोखरच वरचा थर आहे. आपल्या मुखवटे रंगविणाऱ्या कारागिराचे कौशल्य येथे, आणि येथेच, उपयोगी पडू शकते. तरीही रंग केवळ गेलेल्या जागेपुरता भरावा, शिल्लक मूळ रंगावर चढवू नये आणि भरल्याची नोंद ठेवावी. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या संदर्भात मांडलेली दोन तत्त्वे येथेही मार्गदर्शक ठरतात. अंदाज सुरू होतो तेथे पुनःस्थापना थांबली पाहिजे, आणि नव्याने घातलेला भाग जाणकाराला ओळखता आला पाहिजे.

पाचवा प्रकार आत मुरलेल्या डागांचा. १९६० च्या दशकातील बार्बीच्या कानांभोवती हिरवा डाग आढळतो. कर्णभूषणातील तांब्याचे क्षार व्हायनिलमध्ये शिरल्याने तो होतो. गडद कापडाचा रंग व वृत्तपत्राची शाईही अशीच मुरते. हा डाग वरून घासून निघत नाही, कारण तो वर नसतोच. मुरुमांच्या मलमातील बेंझॉइल पेरॉक्साइड लावून बाहुली उन्हात ठेवण्याची युक्ती संग्राहकांत प्रचलित आहे. त्याने डाग फिका होतो हे खरे. परंतु ही विरंजनाची क्रिया आहे. डागासोबत भोवतालचा मूळ रंगही उडू शकतो आणि ऊन व्हायनिलचे वय वाढविते.

साठवणुकीबाबत डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील संशोधिका इव्हॉन शाशुआ यांचे २००१ मधील संशोधन विशेष उल्लेखनीय आहे. मृदू व्हायनिलच्या वस्तू काचेसारख्या न शोषणाऱ्या बंद आवरणात ठेवल्यास मृदुकारक द्रव्याची गळती मंदावते, तर पॉलिथिनच्या पिशवीत ती वाढते, कारण पॉलिथिन ते द्रव्य शोषून घेते, असे त्यांनी दाखवून दिले. वस्तू जपावी म्हणून ती पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकण्याची आपली सवय या दृष्टीने दुहेरी घातक ठरते. उलट काचेच्या दाराचे, सावलीतील जुने शोकेस नकळत बरे काम करीत आले आहे.

शंभर वर्षांची अट

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार सर्वसाधारणपणे किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते. तेरची मूर्तिका या व्याख्येत सहज बसते. १९५९ ची बार्बी २०५९ पूर्वी या व्याख्येत येऊ शकत नाही, आणि १९९० च्या सुमारास नांदेडच्या एखाद्या घरात आलेली बाहुली त्यानंतरही तीस वर्षे बाहेरच राहील. कायद्याच्या मुदतीत दोष शोधण्याचे कारण नाही. ती दगड, धातू, भाजलेली माती यांच्या आयुष्याला अनुसरून आहे. केओलिनची मूर्तिका दोन हजार वर्षे पांढरीच्या मातीत पडून राहिली व तरीही तिचे कर्णभूषण मोजता येते. मृदू व्हायनिल मात्र काही दशकांतच चिकट होऊ लागते. पुरावशेष म्हणून मान्यता मिळण्याच्या वेळी वस्तूच शिल्लक नसेल, किंवा दुरुस्तीने तिचा चेहराच बदललेला असेल, अशी ही परिस्थिती आहे.

या प्रदेशापुरता विचार केला तर त्याला आणखी एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली आणि दगड-मातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. पुनर्वसित गावांत नवी घरे उभी राहिली. जुन्या घरांतील वस्तू मात्र फार थोड्या सोबत आल्या. अशा घरातील एखादे खेळणे आज कोणाकडे असेल तर त्यावरील चरे हा त्या वस्तूचा दोष मानता येणार नाही. तो त्या रात्रीचा पुरावा असू शकतो. तो घासून काढण्यापूर्वी कोणीतरी 'ही रेघ कशाची?' असे विचारले पाहिजे, आणि ते विचारण्याचे प्रशिक्षण इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिळालेले असते.

बाहुलीवरील उठावाची अक्षरेही याच काळजीने पाहावी लागतात. बार्बीच्या कमरेवर आढळणारे १९६६ हे साल पुष्कळांना निर्मितीचे साल वाटते. प्रत्यक्षात ते त्या शरीररचनेच्या स्वामित्वहक्काचे साल असून पुढील अनेक दशकांत तयार झालेल्या बाहुल्यांवरही ते उमटलेले आहे. बाहुली कोठे तयार झाली हे सांगणारे देशाचे नाव त्याच ओळींजवळ असते. पाठीवरील ओरखडे घासताना ही अक्षरे पुसट झाली तर बाहुलीचा जन्मदाखलाच नष्ट होतो.

निष्कर्ष

१. तेरच्या मूर्तिकांचा अभ्यास दाखवितो की पृष्ठभागावरील रेघ ही घडणीची, वापराची अथवा आघाताची नोंद असू शकते. तिचा प्रकार ठरविण्यापूर्वी दुरुस्ती करणे म्हणजे न वाचलेला दस्तऐवज नष्ट करणे होय.

२. वज्रलेप, मुखवट्यांचे रंगकाम व निर्मळची कारागिरी यांतून दिसणारी पुनर्लेपनाची देशी परंपरा गाभा व लेप वेगळे असणाऱ्या वस्तूंसाठी योग्य आहे. व्हायनिलच्या त्वचेला लेपच नसल्याने ती परंपरा तेथे हानिकारक ठरते. अपवाद केवळ रंगविलेल्या डोळे-ओठांचा.

३. व्हायनिलवरील पाच प्रकारच्या खुणांपैकी केवळ बाह्य द्रव्याचा माग निर्धोकपणे काढता येतो. रंगलेपाची हानी मर्यादेत भरता येते. उरलेल्या तीन प्रकारांत संयम हाच शास्त्रीय उपाय आहे.

४. सावली, थंडावा, काचेचे आवरण व पॉलिथिनचा त्याग या चार गोष्टी कोणत्याही दुरुस्तीपेक्षा अधिक परिणामकारक आहेत.

५. कायद्याची शंभर वर्षांची मुदत व व्हायनिलचे आयुष्य यांतील अंतर भरून काढण्याचे काम स्थानिक पातळीवरच होऊ शकते.

या शेवटच्या मुद्द्याच्या अनुषंगाने एक सूचना करावीशी वाटते. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी रसायनशास्त्र व गृहविज्ञान विभागांच्या सहकार्याने विसाव्या शतकातील घरगुती वस्तूंची स्थितिपत्रके तयार करण्याचा उपक्रम हाती घ्यावा. वस्तूचे माप, पदार्थ, उठावाची अक्षरे, तिरक्या प्रकाशातील छायाचित्रे, प्रत्येक ओरखड्याची जागा आणि तिच्याविषयी घरातील व्यक्तीने सांगितलेली माहिती एवढे त्यात असले तरी पुरे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या पांढरीतून वस्तू उचलण्यास आरंभ केला तेव्हा त्यांच्यापाशीही प्रयोगशाळा नव्हती. वस्तू घरच्यांकडेच राहाव्यात, दुरुस्ती करावी की नाही हेही त्यांनीच ठरवावे. मात्र तो निर्णय नोंद झाल्यानंतर व्हावा, एवढीच या निबंधाची शिफारस आहे.